जेठीच्या स्टिअरिंगचा दोष

२६ ऑक्टोबर, मानेभञ्ज्याङ

ही वही तपासणीची आहे. कारखान्यात प्रत्येक यंत्राला अशी एक वही असे: तारीख, माप, शेरा. इथेही तेवढंच लिहायचं ठरवलं आहे.

गाडी: लँड रोव्हर, १९५४. आजोबांनी चहामळ्याच्या साहेबाकडून घेतलेली. आपा, म्हणजे माझे वडील, तिला माझ्या जन्माआधीपासून जेठी म्हणतात. जेठी म्हणजे थोरली. त्यामुळे मी एकुलती एक असूनही घरात माइली आहे, दुसरी.

तक्रार: परवा संदकफूहून प्रवासी घेऊन उतरताना डावं मडगार्ड दगडांच्या ढिगाला घासलं. आपांचं म्हणणं, स्टिअरिंग डावीकडे ओढतं.

माप: स्टिअरिंगच्या कडेवर प्ले ४२ मिलिमीटर. म्हणजे पुढची चाकं हलण्याआधी हातातलं चक्र इतकं फुकट फिरतं. हे जास्त आहे. तक्रार खरी असणार.

मी नोकरी सोडून आले ती याच गाड्यांसाठी. आता चाळीसेक उरल्या आहेत आणि त्या खोलून पुन्हा जोडता येणारे म्हातारे त्याहून कमी. सुरुवात जेठीपासून.

२९ ऑक्टोबर

चारही बॉल जॉइंट बदलले. स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलले. प्ले ३० मिलिमीटर.

आपा दिवसभर बरोबर होते. मी गाडीखालून हात काढून पाना मागते, ते हातात ठेवतात. नऊ-सोळांश मागितला की नऊ-सोळांशच येतो. पान्याकडे बघत नाहीत, बोटाने त्याचं तोंड चाचपतात. चाळीस वर्षांची सवय. कारखान्यात इतका अचूक हात एकाचाही नव्हता.

३ नोव्हेंबर

चाचणी म्हणून फेरीवर बरोबर गेले. कोलकात्याचं पाच जणांचं कुटुंब. बाई पुढे, मी मागे त्यांच्या सासूबाईंच्या शेजारी. चित्रे गावाचा चढ लो गिअरमध्ये. सासूबाई प्रत्येक वळणाला देवाचं नाव घेत होत्या आणि वळण संपलं की मुलाला शिव्या देत होत्या.

दोष दिसला नाही. आपा ज्या जागी गिअर बदलतात ती जागा दरवेळी तीच असते. मी दगड धरून खूण केली होती, येताना पाहिलं. हातभराचाही फरक नाही.

काळपोखरीच्या वर कुटुंबाला फोटो हवे होते. आपा उतरले आणि हात लांब करून एकेक शिखर दाखवू लागले. "हा कुम्भकर्ण. हा काञ्चनजङ्घा. आणि ते टोकदार दिसतंय ना, तो पान्दिम."

मुलगी हसली. "काका, तिथे नुसता ढग आहे!"

"ढगाच्या मागे आहे," आपा म्हणाले. "कुठे जातोय तो?"

सगळे हसले. आपांना प्रवाशांशी बोलण्याची हातोटी आहे. मला नाही.

एक निरीक्षण. समोरून येणारा प्रत्येक जुना ड्रायव्हर आम्हाला पाहून दोनदा हॉर्न देतो. मोजलं: सात गाड्या, सात वेळा. आपापसांत ते देत नाहीत, तेही पाहिलं. आपांना विचारलं.

"चिडवतात," ते म्हणाले. "घासलेल्या मडगार्डाला."

उद्या मडगार्ड ठोकून रंगवून घेईन.

८ नोव्हेंबर

पुन्हा. गैरीबासच्या खाली नवीन काँक्रीट झालंय तिथे कडेला सिमेंटचा खांब उभा केलाय. डावा दिवा फुटला, नवा रंग गेला.

तिन्ही जागा कागदावर मांडल्या. (तिसरी मला आज कळली. सप्टेंबरातली आहे, आमा, म्हणजे आई, चुकून बोलून गेली.) दगडांचा ढीग: नव्या कामाचा. खांब: नवा. सप्टेंबरात लागलं ते चौकीचं आडवं लाकूड: तेही नवं. तिन्ही ठिकाणी रस्त्याचं काम चालू आहे. जुन्या दगडी वाटेवर एकही घटना नाही, जिथे खरं तर दणके जास्त.

तर्क: काँक्रीटवर वेग वाढतो, विशिष्ट वेगाला पुढचा अ‍ॅक्सल थरथरतो आणि स्टिअरिंग ओढलं जातं. बेअरिंग तपासणे.

११ नोव्हेंबर

बेअरिंग ठीक.

१३ नोव्हेंबर

दाट धुकं, बारा पावलांपलीकडे काही नाही. मी बरोबर होते. आज नव्या गाड्यांच्या पोरांनी फेऱ्या रद्द केल्या. जुने सगळे हॉर्न वाजवत हळूहळू गेले. आपा त्या सगळ्यांत पुढे. नव्या काँक्रीटवरून गेलो, त्या खांबाजवळूनही गेलो. खांबापुढे आपांच्या जुन्या सोबत्याची, गेलू काकांची गाडी उभी होती आणि काका हॉर्न देत होते. काहीही लागलं नाही. आपा शीळ घालत होते.

म्हणजे धुक्यात दोष नाहीसा होतो. दमट हवेने रबरी बुश फुगत असतील? थंडीने धातू आवळत असेल? दोन्ही शक्यता कमजोर आहेत. तरी लिहून ठेवते, कारण मापापेक्षा स्वतःच्या मतावर विश्वास ठेवायचा नाही हे मला शिकवलं आहे.

१७ नोव्हेंबर

स्टिअरिंगचा रिले खोलला. चक्राची फिरकी चाकांपर्यंत पोचवणारा हा भाग चौकटीच्या आत बसवलेला असतो, सत्तर वर्षांच्या गंजासकट. बाहेर काढायला दोन दिवस लागले. आत दाबलेली जाड स्प्रिंग असते. निसटली तर दात पाडते. आपांनी तिला दोरी गुंडाळली. डोळे मिटले होते. म्हटलं, "आपा, बघून करा."

"बघून केलं की हात घाबरतात," ते म्हणाले.

रिले जोडला. प्ले १८.

२१ नोव्हेंबर

ड्रायव्हरांच्या संघटनेने चिठ्ठी मागितली होती: 'वाहन तपासले, सेवेस योग्य.' खाली सही केली: सृजना योंजन, डिप्लोमा, मेकॅनिकल.

मापं योग्य होती, म्हणून सही केली. हे आज लिहून ठेवते.

२४ नोव्हेंबर

काल तुम्लिङच्या वर, लख्ख उन्हात, वळणावर सुजल थापाची नवी गाडी उभी होती. जेठीने तिचं दार ओढून काढलं, मग आपांनी चक्र उजवीकडे घेतलं आणि उजवं पुढचं चाक कड्याच्या बाहेर गेलं. जेठीत पाच प्रवासी. त्यांत एक गरोदर बाई. सगळे मागच्या दाराने एकेक करून उतरले. गाडी दोरखंडाने ओढून घेतली.

कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण ते माप नाही. चाक कड्याच्या बाहेर ४० सेंटिमीटर होतं. हे माप आहे.

चिठ्ठीवर सही माझी होती.

२५ नोव्हेंबर

स्टँडवर बैठक. गेलू काका संघटनेचे सचिव. आपा आणि ते एकाच वर्षी लायनीवर आले. काकांनी आपांकडे न बघता माझ्याशी बोलणं सुरू केलं.

"माइली, दहा डिसेंबरपर्यंत लेखी दे. दोष सापडला, दुरुस्त झाला, तर गाडी परत नंबरावर. दुरुस्त होण्यासारखा नसेल तर गाडी उतरवायची, कायमची. गाडीत दोषच नसेल, तर..." ते थांबले. "तर ड्रायव्हर बदलायचा. गाडी राहील."

"गाडीत दोष आहे," मी म्हटलं.

"तू बघून लिही."

"मी महिनाभर बघतेच आहे, काका."

"हो," ते म्हणाले. "तेच."

मागून कुणीतरी बोललं, "पोरीला पुस्तकातलं येतं रे, पुस्तकात जेठी नाही!" कुणी हसलं नाही.

तोपर्यंत जेठी उभी राहणार. लायनीतल्या पाटीवर आपांच्या नावापुढे फुली मारली. आपा पाटीसमोरच उभे होते. मला विचारलं, "काय लिहिलं?" मला वाटलं, त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं आहे. सांगितलं.

३० नोव्हेंबर

सहा दिवसांत पुढचा संपूर्ण भाग पुन्हा खोलला. स्टिअरिंग बॉक्स, त्यातल्या पोलादी गोळ्या, स्क्रू, चक्राखालचा दांडा. एकेक गोळी मायक्रोमीटरने मोजली. चौकट वाकली आहे का ते दोऱ्याने पाहिलं: नाही. दोन्ही अ‍ॅक्सल समांतर. चाकांचा कोन बरोबर.

प्ले ९ मिलिमीटर. पुस्तकात यापेक्षा जास्त चालतो.

गाडीत दोष नाही. पण दोष आहे, चार जागी आहे, त्यातला एक कड्यावर आहे. दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकत नाहीत. म्हणजे मी कुठेतरी चुकते आहे, आणि कुठे ते मला सापडत नाही. मी या कामात चांगली आहे असं मला वाटत होतं. दहा दिवस उरले.

आज जेवायला बसताना चुलीजवळचं स्टूल बाजूला सरकवलं. आमा ओरडली. "जिथलं तिथे ठेव! किती वेळा सांगायचं?"

"किती वेळा सांगितलंस?"

आमा पुढे आली. स्टूल परत जागेवर ठेवून त्यावर दोनदा हात आपटला, जोरात. आपा मग आत आले आणि बरोबर स्टुलावर बसले. आमाही थकली आहे. घरात गाडीशिवाय दुसरा विषय नाही.

२ डिसेंबर

अ‍ॅक्सलची चौकट सुटी करून पुन्हा मोजली. काही नाही. हाताला ग्रीस लागलेलं असताना रडू नये, डोळे चुरचुरतात.

४ डिसेंबर

सुजल दाराचं माप घ्यायला आला होता. वर्षभरापूर्वी लायनीवर आलेला, बोलघेवडा. आपांबद्दल विचारू लागला, "दिदी, काका माझ्यावर रागावलेत का?"

"दार तुझं तुटलं. तू का विचारतोस?"

"म्हणजे, चूक माझीच ना. मी हॉर्न दिला नाही. फोनवर बोलत होतो."

"उन्हात, उभ्या गाडीतून, हॉर्न कशाला द्यायचा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. "मला कुणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. "बैठकीनंतर कळलं. सगळे जुने देतात ना, काकांना. दोन वर्षं झाली म्हणे. दोनदा द्यायचा, म्हणजे काकांना कळतं कोण कुठे आहे." आणि घाईने, "तुम्हाला माहीतच असेल."

"हो," मी म्हटलं.

तो गेल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक निरीक्षण बरोबर आहे. प्रत्येक माप बरोबर आहे.

५ डिसेंबर

चाचणी. जागा: चित्रेच्या खालचा सपाट भाग, जिथे आपा गाडी चालवायला शिकले होते. वेळ सकाळी अकरा, आकाश स्वच्छ, ऊन समोरून नाही. प्रवासी नाहीत, रहदारी नाही. मी आपांना सांगितलं, मी खाली उभी राहून चाकांकडे बघते, तुम्ही लो गिअरमध्ये माझ्याकडे या.

रस्त्याच्या डाव्या अर्ध्यात, तीस पावलांवर, मी पिवळा पत्र्याचा तेलाचा डबा ठेवला होता. रिकामा. तो तिथे कधीच नसतो.

मी डब्यापासून चार पावलांवर, कडेला, लाल जॅकेट घालून उभी होते.

जेठी आली. सरळ. वेग कमी झाला नाही. डबा पुढच्या डाव्या चाकाखाली चेपला. मोठा आवाज झाला.

आपांनी ब्रेक मारला, उडी टाकून उतरले आणि बंपर धरून पुढे आले. गुडघ्यांवर बसले. हात चाकाखाली घातले आणि चाचपू लागले. "माइली," म्हणाले. मग मोठ्याने, "माइली! ए माइली!" पत्र्याने तळवा कापला तरी हात आत घालतच होते.

मी चार पावलांवर होते. उन्हात. मला बोलता येईना. किती वेळ ते मोजलं नाही.

मग म्हटलं, "इथे आहे, आपा. डबा आहे तो."

ते रस्त्यातच बसून राहिले. मी रुमाल बांधला.

"समोर भोकाएवढं दिसतं," ते म्हणाले. "बाहेर उजेड असला आणि तू त्या भोकात आलीस, तर असतेस. नाही आलीस तर नसतेस."

"डॉक्टर?"

"सुकिया गावच्या डोळ्यांच्या शिबिरात दाखवलं. गेलेलं येत नाही म्हणाले, उरलंय तेही जाईल. रस्ता मला पाठ आहे गं. रस्ताच बदलायला लागले, त्याला मी काय करू?"

"मी महिनाभर गाडी खोलतेय." माझा आवाज चढला. तो चढू नये असं मला वाटत होतं. "रिले काढला. गोळ्या मोजल्या. तुम्ही शेजारी बसून पाने देत होतात. आत पाच माणसं होती, आपा. मी सही केली होती."

त्यांनी रुमालाची गाठ चाचपली.

"तू मोजत होतीस ना," ते म्हणाले. "मला वाटायचं, सापडेलही काहीतरी."

घरी मी जेठी चालवत आणली. आपा शेजारच्या बाजूला बसले होते. मी त्यांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

७ डिसेंबर

अहवालात दोन पर्याय आहेत.

एक. गाडी निर्दोष, चालक अयोग्य. गाडी राहते, नंबर राहतो. चालक दुसरा नेमता येईल. काम करायला माझ्याकडे एक चालू गाडी राहते. हे खरं आहे. पण ते स्टँडवर मोठ्याने वाचतात, तशी पद्धत आहे, आणि पाटीवर आपांच्या नावापुढे 'अयोग्य' लिहितात. चाळीस वर्षांपुढे.

दोन. स्टिअरिंग दुरुस्तीपलीकडे झिजलं आहे. गाडी उतरते, कायमची. तिच्याबरोबर ड्रायव्हर आपोआप उतरतो. त्याच्यावर शेरा येत नाही. हे खोटं आहे.

आमाला विचारलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुझ्या वहीत तू कधी खोटं लिहिलंयस?"

"नाही."

"मग मला का विचारतेस?"

तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते मला ठरवता आलं नाही.

९ डिसेंबर

लिहिलं. सुवाच्य अक्षरात, दोन प्रती. आपांना वाचून दाखवलं: 'स्टिअरिंग बॉक्स व रिले यांची झीज मर्यादेबाहेर. मूळ भाग उपलब्ध नाहीत. चालकाच्या प्रयत्नांमुळे आजवर मोठा अपघात टळला. वाहन सेवेतून काढावे.'

आपांनी ऐकलं. "हे कुठल्या गाडीचं आहे?" विचारलं.

"जेठीचं."

ते बाहेर गेले आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "ती म्हणेल, माइलीला सगळं दिलं आणि बदनाम मला केलं."

मी कागद फाडू का विचारलं. ते नाही म्हणाले. हो पण म्हणाले नाहीत.

१० डिसेंबर

सकाळी दहा. स्टँडवर पंचवीसेक ड्रायव्हर. जेठी मध्ये उभी. गेलू काकांनी अहवाल मोठ्याने वाचला, सावकाश. 'झीज मर्यादेबाहेर' इथे ते क्षणभर अडखळले.

मग कागद खिशात घालून ते जेठीत चढले. मला हे अपेक्षित नव्हतं. कागद दिला की संपेल असं मी धरलं होतं. त्यांनी चक्रावर एक बोट ठेवलं आणि हलकेच इकडेतिकडे केलं.

नऊ मिलिमीटर. चाळीस वर्षं या गाड्या चालवलेल्या माणसाला ते कळायला बोट पुरतं. पुढची चाकं बोटाबरोबर हलली. सगळ्यांनी पाहिली. माझी सही खोटी आहे हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळलं असणार. मी जमिनीकडे बघत होते.

"झिजलंय," गेलू काका म्हणाले. "पार गेलंय."

ते उतरले. दुसरे चढले, चित्रेचे लाक्पा काका. त्यांनीही बोट फिरवलं. "बाप रे. ही तर पेजेसारखी झालीय."

तिसरे आपांकडे वळून म्हणाले, "सन्तबीर दाजु, हिला घेऊन तू संदकफूला जात होतास? तुला तर मेडल द्यायला पाहिजे!"

"मला नको रे," आपा म्हणाले, "सुजलच्या दाराला द्या."

हसणं झालं. मग एकेक जण चढत गेला. कुणी घाई केली नाही. बाहेर उभे असलेले प्रवासी घड्याळं बघत होते, तरीही. प्रत्येकाने चक्र धरलं, हलवलं, मान हलवली, आणि आपांच्या बाजूने उतरताना त्यांच्या खांद्याला हात लावला. झिजलंय. गेलंय. काही उरलं नाही हिच्यात.

सुजल शेवटी. त्याने चक्र हलवलं, पुन्हा हलवलं. "पण हे तर एकदम..."

गेलू काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"एकदम गेलंय," सुजल म्हणाला.

काकांनी पाटीवरचा जेठीचा नंबर पुसला. आपांच्या नावापुढे काहीही लिहिलं नाही.

लोक पांगू लागले, पहिल्या नंबराच्या गाडीने प्रवासी भरायला घेतले. आपा जेठीत जाऊन बसले. मी खाली, दाराशी. त्यांनी दोन्ही हात चक्रावर ठेवले आणि अगदी थोडं फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं, दुसऱ्या बाजूला. चाकांचा आवाज ऐकत होते.

मग माझ्याकडे वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "माझ्या हातात ही इतकी घट्ट कधीच नव्हती गं."